परदेशात पाहुणा म्हणून कसं वागावं? : भूतानच्या निमित्ताने एक पाठ



हल्ली आपल्या वर्गातली मुलं सुट्टीनंतर परत येतात, तेव्हा "मामाच्या गावाला गेलो होतो" याच्या जोडीला "थायलंडला गेलो होतो", "दुबईला गेलो होतो", "भूतानला गेलो होतो" असंही सांगतात. चांगली गोष्ट आहे. प्रवासाने माणूस शहाणा होतो असं आपण म्हणतोच. पण नुसतं विमानात बसलं की शहाणपण येतं असं नाही. जाण्याआधी तिकिटं, हॉटेल, स्वेटर, औषधं, खाऊ सगळ्याची यादी होते. तिथल्या माणसांशी आणि त्यांच्या पवित्र जागांशी कसं वागायचं, याची तयारी मात्र बहुतेक घरांत होत नाही.

ही तयारी कशी करून घ्यावी यासाठी आज एकच देश घेऊ : भूतान. कारण सोपं आहे. भारतीयांना तिथे जायला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र दाखवून परवाना मिळतो. त्यांचं चलन न्गुलत्रुम, पण त्याची किंमत रुपयाइतकीच आहे. हिंदी बऱ्याच जणांना समजते. पश्चिम बंगालमधल्या जयगावचं फाटक ओलांडलं की पलीकडे फुंत्शोलिंग, म्हणजे परदेश. घड्याळ तेवढं अर्धा तास पुढे करायचं!

आणि नेमकी इथेच गडबड होते. जपानला किंवा फ्रान्सला गेलेला माणूस जरा बिचकून असतो, विचारून वागतो. भूतानमध्ये सगळं ओळखीचं वाटतं, म्हणून आपण विचारतच नाही. जिथे सगळं आपल्यासारखं वाटतं, तिथेच जास्त जपून वागावं लागतं. आजच्या पाठाचा गाभा एवढाच आहे.

## दोचुलाची गोष्ट

थिंफूहून पुनाखाला जाताना वाटेत दोचुला नावाची खिंड लागते. उंची सुमारे ३,१०० मीटर. हवा स्वच्छ असेल तर समोर हिमालयाची बर्फाच्छादित रांग दिसते. खिंडीतल्या टेकाडावर एकाला एक लागून १०८ छोटे चोर्तेन उभे आहेत. चोर्तेन म्हणजे स्तूप. आपल्याकडे कार्ले, भाजे इथल्या लेण्यांत आपण जो स्तूप पाहतो, त्याच घराण्यातली ही वास्तू. आत पवित्र ग्रंथ, अवशेष, मंत्र लिहिलेल्या वस्तू ठेवलेल्या असतात.

ऑक्टोबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातून मोटरसायकलवर गेलेला एक पर्यटक दोचुलाच्या चोर्तेनवर चढून उभा राहिला. त्याचे फोटो समाजमाध्यमांवर पसरले, भूतानी लोक संतापले आणि तिथल्या पोलिसांनी त्याची चौकशी केली. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही ती बातमी आली होती.

मुलांना ही बातमी सांगितली, तर ती म्हणतील, "बाई, देवळावर चढायचं नसतं, एवढंही त्याला कळत नव्हतं?" ठीक. पण गोष्ट इथे संपवू नका. पुढचा प्रश्न विचारा : हे चोर्तेन तिथे कोणी आणि का बांधले?

त्याचं उत्तर थेट आपल्या देशाशी जोडलेलं आहे. भारतात कारवाया करणाऱ्या उल्फासारख्या सशस्त्र गटांनी दक्षिण भूतानच्या जंगलांत तळ ठोकले होते. अनेक वर्षं बोलणी करूनही ते हटेनात. शेवटी डिसेंबर २००३ मध्ये भूतानच्या छोट्याशा सैन्याने कारवाई करून ते तळ उद्ध्वस्त केले. चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक स्वतः त्या मोहिमेच्या आघाडीवर होते. त्या लढाईत मृत्यू आलेल्यांच्या स्मरणार्थ राजमाता आशी दोर्जी वांग्मो वांगचुक यांनी हे १०८ चोर्तेन उभारले.

म्हणजे ती जागा फोटोसाठी सजवलेला देखावा नाही. प्रार्थनेचं स्थळ आहे आणि स्मारकही आहे. ज्या लढाईचा फायदा भारतालाही झाला, त्या लढाईचं स्मारक. हे एकदा कळलं की "चढू नका" अशी पाटी लावायची गरज उरत नाही. पाय आपोआप थांबतात.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. गडावर सहल नेली आणि बुरुजाच्या दगडावर कोणीतरी बाणाचं बदाम काढून नाव कोरलेलं दिसलं, की आपल्या जिवाला लागतं ना? ज्याने कोरलं त्याच्या दृष्टीने तो नुसता दगड असतो. आपल्या दृष्टीने तो इतिहास असतो. परदेशात आपण कोरणाऱ्याच्या जागी असण्याची शक्यता जास्त, कारण तिथला इतिहास आपल्याला माहीत नसतो.

## ज्या देशात शिखरांवरही चढत नाहीत

याच विषयातली आणखी एक गोष्ट मुलांना खूप आवडेल. भूतान-चीन सीमेजवळ गांगखार पुएन्सुम नावाचं शिखर आहे, उंची सुमारे ७,५७० मीटर. माणसाचं पाऊल न लागलेलं जगातलं सर्वांत उंच शिखर म्हणून ते ओळखलं जातं. चढणारे मिळाले नाहीत म्हणून ते तसं राहिलेलं नाही. उंच शिखरं ही देवतांची वस्ती, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. १९९४ मध्ये भूतानने ६,००० मीटरपेक्षा उंच शिखरांवर चढाईला बंदी घातली आणि २००३ मध्ये गिर्यारोहण पूर्णच बंद केलं.

विचार करा. गिर्यारोहणातून नेपाळला केवढं परकीय चलन मिळतं! भूतानने ते उत्पन्न सोडलं. ज्या देशात पर्वताच्या माथ्यावरही पाय ठेवत नाहीत, तिथे स्मारकाच्या माथ्यावर चढणं किती लागलं असेल, हे मुलांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

## नियम आणि त्यामागचं "का"

मुलांना नियमांची यादी पाठ करायला दिली, तर ती विमानतळावरच विसरतात. प्रत्येक नियमाला "का?" जोडला, की तो डोक्यात राहतो. म्हणून काही महत्त्वाचे नियम कारणांसह देत आहे.

१. प्रदक्षिणा डावीकडून सुरू करायची. चोर्तेन, मंत्र कोरलेल्या दगडी भिंती, देऊळ हे सगळं आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं. प्रार्थनाचक्रंही घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायची. आपल्या प्रदक्षिणेचीही हीच दिशा, त्यामुळे आपल्या मुलांना हे अवघड नाही. पण रस्त्यात मध्येच चोर्तेन आला तरी तिथले लोक त्याला उजवीकडे ठेवूनच जातात, हे लक्षात ठेवा. आणि प्रार्थनाचक्र हे खेळणं नाही. त्यावर आणि त्याच्या आत मंत्र असतात. ते फिरवणं म्हणजे त्यांच्या लेखी मंत्र म्हणणंच. जोरात गरगर फिरवून कोणाचं जास्त वेळ फिरतं याची शर्यत लावायची नाही.

२. प्रार्थनेच्या पताका ओलांडायच्या नाहीत, अंगाभोवती गुंडाळायच्या नाहीत. रंगीत पताकांवर प्रार्थना छापलेल्या असतात, वाऱ्याबरोबर त्या सगळीकडे पसरतात अशी भावना असते. डोंगरावर उंच काठ्यांना लावलेले पांढरे झेंडे दिसतात, ते बहुधा मृत व्यक्तीसाठी घरच्यांनी उभारलेले असतात, पुष्कळदा १०८. आपल्याला तो "मस्त बॅकग्राउंड" वाटतो. त्या घराच्या दृष्टीने ते आईसाठी किंवा वडिलांसाठी केलेलं कार्य असतं.

३. झोंगमध्ये जाताना अंगभर कपडे. झोंग म्हणजे किल्ल्यासारखी भव्य वास्तू. तिच्या एका भागात जिल्ह्याचं सरकारी कार्यालय आणि दुसऱ्या भागात बौद्ध मठ असतो. आपलं जिल्हाधिकारी कार्यालय आणि मोठं देवस्थान एकाच वाड्यात आहे अशी कल्पना करा. भूतानी माणसालाही तिथे साध्या कपड्यांत जाता येत नाही. पुरुषांनी घो हा पारंपरिक वेष आणि त्यावर काबने नावाचं उपरणं घ्यायचं, स्त्रियांनी किरा हा वेष आणि खांद्यावर राचू. काबनेच्या रंगावरून माणसाचं पद कळतं : सामान्य नागरिकाचं पांढरं, राजाचं पिवळं. स्वतःच्या नागरिकांकडून जे लोक एवढी शिस्त पाळून घेतात, त्यांनी पाहुण्याकडून पूर्ण बाह्या, पूर्ण पँट आणि डोक्यावरची टोपी काढणं एवढी अपेक्षा ठेवली, तर ते फार नाही.

४. देवळाच्या आत फोटो नाही. बाहेर, अंगणात फोटो चालतो. आत गेलं की मोबाईल खिशात. पारोजवळच्या कड्यावरचा प्रसिद्ध तक्त्सांग मठ, ज्याला आपण "टायगर्स नेस्ट" म्हणतो, तिथे तर बॅग आणि कॅमेरा बाहेरच ठेवून आत जावं लागतं. गाभाऱ्यात फोटो काढू देत नाहीत अशी देवळं आपल्याकडेही आहेत. तेव्हा "एकच काढते ना, कोण बघतंय?" असं मुलांसमोर आपणच म्हणू नये. मुलं नियम पाहत नाहीत, आपल्याला पाहतात.

५. मूर्तीकडे किंवा भिक्षूंकडे बोट दाखवायचं नाही. दाखवायचंच असेल तर पूर्ण तळवा उघडा करून. आत बसायची वेळ आली तर मांडी घालून बसावं, मूर्तीच्या दिशेने पाय पसरू नयेत. लाल वस्त्रांतले छोटे भिक्षू मुलांच्याच वयाचे असतात, त्यामुळे त्यांचे फोटो काढायचा मोह होतो. आधी विचारायचं. नाही म्हटलं तर हसून पुढे जायचं.

६. सार्वजनिक ठिकाणी तंबाखू, थुंकणं, आरडाओरडा नाही. भूतानने २००४ मध्ये तंबाखूच्या विक्रीवरच बंदी आणली होती. पुढे ती शिथिल झाली, पण म्हणून कुठेही सिगारेट ओढता येते असं नाही. राजधानी थिंफूमध्ये वाहतुकीचे सिग्नल नाहीत. मुख्य चौकात पोलीस हाताच्या खुणांनी वाहतूक चालवतो आणि ती चालते. तिथे जाऊन सतत हॉर्न वाजवणारी गाडी कोणाची, हे पाटी न वाचताही लोक ओळखतात. ती ओळख आपल्याला बदलायची आहे.

## जेवणाचं काय?

आपल्या मंडळींचं घोडं इथे हमखास अडतं. भूतानचा लाडका पदार्थ म्हणजे एमा दात्शी : मिरच्या आणि चीज. मिरची इथे चवीपुरती नसते, भाजी म्हणूनच शिजवतात. सोबत लाल भात. ज्यांना तिखट सोसत नाही त्यांनी बटाट्याचं केवा दात्शी मागावं, ते बरंच सौम्य असतं आणि मुलांनाही आवडण्यासारखं आहे.

आपल्याकडचे बरेच गट सहलीत स्वतःचा स्वयंपाकी नेतात, वरणभात-पोळी मिळते. त्यात गैर काही नाही. शाकाहारी असणं हेही अपमानास्पद नाही. "मी मांस खात नाही" असं शांतपणे सांगितलं की भूतानी लोक समजून घेतात. अपमान होतो तो शेजारच्या टेबलावरचं ताट पाहून नाक मुरडल्याने, "शी, हे काय खातात!" असं मोठ्याने म्हटल्याने. मराठी त्यांना कळत नाही, पण चेहरा सगळ्या भाषांत कळतो.

एक गोड साम्य सांगते. भूतानमध्ये खायला पुढे केलं की लगेच हात पुढे करत नाहीत. तोंडावर हात ठेवून "मेशू मेशू" म्हणजे नको नको म्हणायचं आणि दुसऱ्या-तिसऱ्यांदा आग्रह झाला की घ्यायचं, अशी जुनी रीत आहे. "अहो, आता नको, जेवूनच आलोय" म्हणत दोन लाडू खाणाऱ्या आपल्या माणसांना हे वेगळं शिकवायला नको!

## मुलांनी प्रश्न विचारला तर

पालकांसाठी एक सूचना, आधीच तयारीत असावं म्हणून. पुनाखाजवळ चिमी ल्हाखांग नावाचं देऊळ आहे. द्रुक्पा कुनले या संताशी ते जोडलेलं आहे. अपत्य व्हावं म्हणून लोक तिथे आशीर्वादाला येतात. त्या परिसरातल्या घरांच्या भिंतींवर पुरुषलिंगाची मोठी रंगीत चित्रं काढलेली असतात. मोठी माणसं खिदळतात आणि मुलं गोंधळतात. मुलांना सरळ सांगावं : "वाईट नजर लागू नये आणि घरात मूलबाळ व्हावं म्हणून इथले लोक हे चित्र काढतात. आपण नाही का दाराला लिंबू-मिरची बांधत? तसंच." एवढं पुरतं. मूल मान हलवून पुढे जातं. दुसऱ्याच्या श्रद्धेला हसायचं की समजून घ्यायचं, हे मूल त्या अर्ध्या मिनिटात आपल्याकडून शिकतं.

## पैसे भरले म्हणजे हक्क आला का?

भूतानने १९७४ मध्ये परदेशी पर्यटकांना दार उघडलं, तेही जपून. पर्यटक कमी आले तरी चालतील, पण देशाला, निसर्गाला, संस्कृतीला त्यांचा भार होऊ नये, असं त्यांचं धोरण राहिलं. भारतीयांना पूर्वी वेगळं शुल्क नव्हतं. कोविडनंतर २३ सप्टेंबर २०२२ रोजी सीमा पुन्हा उघडल्या, तेव्हापासून भारतीय पर्यटकालाही शाश्वत विकास शुल्क म्हणून दर रात्री माणशी १,२०० रुपये भरावे लागतात. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ते निम्मं, त्याहून लहानांना माफ. इतर बहुतेक देशांच्या पर्यटकांना ते २०० डॉलर होतं, २०२३ मध्ये १०० डॉलर केलं. (जाण्याआधी त्या वेळचा दर तपासून घ्यावा.)

गणिताच्या तासाला हे उदाहरण घ्या : आई, वडील, १४ वर्षांची ताई आणि ८ वर्षांचा दादू पाच रात्री राहणार. एका रात्रीचे ३ × १,२०० + ६०० = ४,२०० रुपये. पाच रात्रींचे २१,००० रुपये. मुलं लगेच म्हणतील, "एवढे?" मग चर्चा करा : आठ लाखांपेक्षा कमी लोकवस्तीचा देश, दवाखाना आणि शाळा नागरिकांना मोफत, देशाचा किमान ६० टक्के भाग कायम जंगलाखाली राहिलाच पाहिजे असं राज्यघटनेतच लिहिलेलं. २०१९ मध्ये तिथे तीन लाखांहून जास्त पर्यटक आले आणि त्यांतले बहुसंख्य भारतीय होते. रस्ते, कचरा, पाणी या सगळ्यावर केवढा ताण!

पण इथे एक धोका आहे. "एवढे पैसे भरलेत, मग आम्ही पाहिजे ते करू" ही वृत्ती. शुल्क हा आपण त्यांच्या घराला टाकलेल्या भाराचा थोडासा वाटा आहे. त्यांचं घर आपल्या मालकीचं झाल्याची पावती नाही.

## चूक झालीच तर?

नवीन जागी चूक कोणाचीही होऊ शकते. मुलांना तीनच गोष्टी शिकवा. थांबायचं. माफी मागायची. वाद घालायचा नाही. "आमच्याकडे चालतं" हे वाक्य तर बॅगेत भरायचंच नाही. आणि कोणी दुसरा पर्यटक चुकत असेल तर त्याचा व्हिडिओ काढत बसण्यापेक्षा हळू आवाजात त्याला सांगावं.

दोन शब्द पाठ करून जावेत. "कुझुझांगपो ला" म्हणजे नमस्कार. "कादिन्छे ला" म्हणजे धन्यवाद. शेवटचा "ला" आदराचा, आपल्या "जी"सारखा. हिंदी समजते म्हणून थेट हिंदीतच सुरू होऊ नये. आधी त्यांच्या भाषेत नमस्कार, मग "हिंदी चालेल का?" असं विचारावं. समोरच्या माणसाचा चेहरा कसा खुलतो ते मुलांना पाहू द्या.

## वर्गात घेण्यासाठी उपक्रम (इयत्ता सहावी ते आठवी)

उपक्रम १ : चार रकान्यांचा तक्ता. मुलांचे गट करा. प्रत्येक गटाने एक देश निवडायचा आणि वहीत चार रकाने आखायचे : नियम, त्यामागचं कारण, आपल्याकडचं तसंच उदाहरण, दोघांत फरक काय. चौथा रकाना रिकामा सोडू देऊ नका. साम्य सापडलं की मुलं खूश होऊन थांबतात, आणि चूक तर फरकाच्याच जागी होते.

देशांसाठी काही सूचना : ऑस्ट्रेलियातला उलुरू हा प्रचंड खडक, जो अनांगू या आदिवासींसाठी पवित्र आहे आणि ज्यावर चढणं २६ ऑक्टोबर २०१९ पासून कायमचं बंद झालं. जपानमधलं क्योटो, जिथे गिओन भागातल्या गेइशांच्या मागे फोटोसाठी धावणाऱ्या पर्यटकांमुळे २०२४ मध्ये काही खासगी गल्ल्या बंद कराव्या लागल्या. थायलंड, जिथे बुद्धमूर्तीशी पोरखेळ केलेला खपत नाही.

उपक्रम २ : उलटी बाजू. "आपल्या गावच्या जत्रेला किंवा वारीच्या दिंडीला एक परदेशी पाहुणा येणार आहे. त्याला पाच सूचना आणि प्रत्येकीचं कारण लिहा." हा उपक्रम सोपा वाटतो, पण कारण लिहिताना मुलं अडतात. चप्पल काढायची ती का? प्रसादाला डावा हात का नाही? मग ती घरी आजीला विचारतात. स्वतःची संस्कृती समजावून सांगता येऊ लागली, की दुसऱ्याची समजून घेणं सोपं जातं.

उपक्रम ३ : चर्चेचे प्रश्न.
- एखाद्या जागी पाटी नसेल, पण लोक शांत असतील, तर आपण काय करावं?
- फोटो काढण्याआधी परवानगी मागितली आणि माणूस नको म्हणाला. तुम्हाला कसं वाटेल? त्याला कसं वाटत असेल?
- एखादी प्रथा आपल्याला पटत नसेल, तर पाहुणा म्हणून गप्प राहणं म्हणजे ती मान्य करणं होतं का?

शेवटच्या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नाही. मुलांना भांडू द्या, आपण मध्येच निकाल देऊ नये.

पालकांनो, पुढच्या सहलीची बॅग भरताना एक संध्याकाळ यासाठी काढा. त्या देशाचा नकाशा समोर घ्या, एक पवित्र जागा निवडा आणि तिची गोष्ट मुलांना सांगा. कोणी बांधली, कशासाठी बांधली, लोक तिथे काय मागायला येतात. गोष्ट माहीत असलेलं मूल तिथे पोचल्यावर तुमच्याआधी टोपी काढतं आणि धाकट्या भावंडालाही सांगतं, "अरे, इथे हळू बोलायचं."

तुमच्या वर्गात हे उपक्रम घेतलेत तर मुलांनी भरलेले तक्ते जपून ठेवा. चौथ्या रकान्यात मुलं काय लिहितात, ते वाचण्यासारखं असतं.